सशाचे कान

पाव हा शब्द पोर्तुगीज आहे, हे वसईत कुणाला सांगावे लागत नाही. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकली. किल्ल्यातल्या चर्चच्या आज नुसत्या भिंती उभ्या आहेत. पावाने मात्र राज्य बदलले तरी मुक्काम हलवला नाही. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळला फुगे तळतात, रवा-नारळाचा केक थाळीत भाजतात, तेव्हा तो वास सगळ्या आळीचा असतो.

वाढदिवसाचा केक वेगळ्या वाटेने आला. वसई मराठ्यांकडे येऊन सातच वर्षे झाली होती तेव्हाची, १७४६ ची एक नोंद आहे. जर्मनीतल्या काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या वाढदिवशी मोठ्यात मोठ्या भट्टीत मावेल एवढा केक केला होता आणि वयाच्या वर्षांइतकी भोके पाडून त्यात मेणबत्त्या रोवल्या होत्या. ही रीत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. घरोघरी भट्टी मात्र आली नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आपली चूल खालून तापते. केकला वरूनही ऊब लागते. मग बायकांनी युक्त्या काढल्या. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवले. ईदला, दिवाळीला नानखटाईचे ट्रे बेकरीत भाजायला नेत, तसे केकचे डबेही नेले. पुढे कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी वाळू पसरली आणि तीवर डबा ठेवला. त्यानंतर झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. तो एका घरात असला की पाच घरांचा असे. या सगळ्या प्रकारांत भांडे गोलच. म्हणून केकही गोल. मुलाला ससा हवा असो की हत्ती, तो गोलातूनच काढायचा.

आणि तो निघतो! दोन गोल केक भाजायचे. एक सशाचे तोंड. दुसऱ्याच्या डाव्या-उजव्या कडेने पानाच्या आकाराचे दोन तुकडे कापले की ते कान, आणि मध्ये उरतो तो आपोआप गळ्याचा बो. चुरासुद्धा वाया जात नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत खोबऱ्याचा कीस विकणाऱ्यांनी असे कापून जोडायचे प्राणी घरोघरी पोचवले. कीस अंगावर पसरला की झाली लोकर. १९८० साली ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ने मुलांच्या केकचे पुस्तक काढले, त्यातल्या पिवळ्या बदकाची चोच बटाट्याच्या वेफर्सची होती. वसईत आम्ही केळ्याचे वेफर्स लावू, एवढाच फरक.

पण हे सगळे परदेशातूनच शिकलो म्हणावे, तर श्रावणी अमावास्या आठवते. त्या दिवशी पोळ्याचे मातीचे बैल घरात येतात. त्याच दिवशी पिठोरी. पिठाच्या मूर्ती करून आई मुलांसाठी व्रत करते, वाण डोक्यावरून मागे धरून ‘अतीत कोण?’ म्हणून विचारते आणि मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणते. पीठ, प्राणी आणि मूल यांची सांगड इथे आधीपासून होती. साखर आणि मेणबत्ती तेवढी नवी.

आमच्यात सजीवांच्या आकृती करण्याबद्दल मते कडक आहेत. माझ्या लहानपणी एका वडीलधाऱ्यांनी साखरेच्या घोड्यावरूनही नाक मुरडले होते. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात मात्र हजरत आयेशांच्या खेळण्यांतल्या पंखवाल्या घोड्याची गोष्ट आहे. घोड्याला पंख कसे, असे विचारल्यावर त्यांनी सुलेमानच्या घोड्यांचा दाखला दिला आणि पैगंबर हसले. मला ते हसू पुरते.

खरा पेच करण्यात नसतो, कापण्यात असतो. वसई-विरारच्या एका मजल्यावर मालवणी, गुजराती, जैन, ख्रिस्ती, मुसलमान अशी दारे समोरासमोर असतात आणि वाढदिवसाला सगळ्यांची मुले येतात. म्हणून अंड्याऐवजी डब्यातले आटवलेले गोड दूध. म्हणून प्राणीही विचारपूर्वक. गाय नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला सांगितले नाही. डुकराचे पिल्लू परदेशी पुस्तकांत फार गोंडस दिसते, तेही नाही. बकरा नको, त्यावरून मोठी माणसे विनोद करतात. वाघ चालतो, पण पट्टे काढताना हात दुखतात. असे करत करत आम्ही सशावर येतो. निवड करताना कुणी कुणाच्या देव्हाऱ्यात डोकावत नाही, की कुणाच्या ताटात. सगळे घरातल्या बाईच्या डोक्यात आधीच ठरलेले असते. हे शहाणपण कुठल्या बखरीत नोंदलेले नाही.

नातीच्या चौथ्या वाढदिवसाला सुरी बोवर चालली, ती तिने चालू दिली. कान समोरच्या जैन कुटुंबातल्या जुळ्यांनी वाटून घेतले. तोंडाला मात्र तिने हात लावू दिला नाही. ‘त्याला दुखेल,’ म्हणाली. ससा दोन दिवस ताटात झाकून होता. तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी निकाल लावला.