सात सैनिकांचं जेवण आणि आपली भाकरी

एप्रिलच्या दुपारी दुचाकीवर बारामतीहून इंदापूरला गेलात की मनात येतंच: एवढं ऊन, मग त्यावर स्वयंपाक का होत नाही?

हा प्रश्न मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच एकाला पडला होता. विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज अधिकारी. त्याने आठ आरशांची सूर्यचूल केली. जानेवारी महिना, तरी सात सैनिकांचं जेवण तिच्यात दोन तासांत शिजलं! 1878 साली त्याचं यावरचं पुस्तक मुंबईतच छापलं गेलं. मुद्दा साधा: आपल्याकडे जळण कमी, ऊन भरपूर.

मग ती घरोघरी का नाही गेली? मी गच्चीवर एक करून बघितली. खोक्यात खोका, मधे भुसा, आत काळा रंग, वर काच, झाकणाला चांदीचा कागद. अकराला ठेवलेला वरण-भात दीडला तयार. भाकरी मात्र नाही! अशी पेटी तापून तापून शंभर-दीडशे अंशांपर्यंत जाते. भाकरीला त्याहून बराच गरम तवा लागतो. शिवाय सकाळी सातला भाकरी बांधून रानात जाणाऱ्या बाईला दुपारचं ऊन काय कामाचं?

म्हणजे दोष उन्हाचा नाही, बाईचा तर नाहीच. पेटी करताना तिचं ताट आणि तिचं घड्याळ कुणी विचारलंच नाही. भाकरी चुलीवरच राहू द्या; डाळ, कडधान्य, शेंगदाणे पेटीत टाका. तेवढं तरी सरपण वाचेल.