घरमा आमा हुनुहुन्छ

चुंगी म्हणजे रबरांचा झुपका. भाजीच्या जुड्यांची रबरं एकात एक गुंतवून केलेला, लिंबाएवढा. पायाच्या कडेने उडवत राहायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. मला ती खेळायला शिकवली काठमांडूतल्या एका बालगृहातल्या सात-आठ वर्षांच्या पोराने, 2012 च्या जानेवारीत. तो हुम्ला जिल्ह्यातला, म्हणून बाकीची मुलं त्याला ‘हुम्ली’ म्हणत. मग मीही.

मी पुण्यातली शाळामास्तरीण. बिनपगारी रजा टाकून दोन महिन्यांसाठी गेले होते, एका एजन्सीला दर आठवड्याचे पैसे भरून. सेवा करायची आणि वर पैसेही आपणच द्यायचे, यात मला तेव्हा काही खटकलं नाही. पहिल्याच तासात चार मुलं अंगाला बिलगली. सेहेचाळिसाव्या वर्षी ‘दिदी, दिदी’ ऐकून मी विरघळले. म्हटलं, इतकी वर्षं मुलांत काढली, हाताला गुण आहे. पुढच्या आठवड्यात एक जर्मन मुलगी आली. तीच चार मुलं तिलाही तशीच बिलगली.

हुम्ली बिलगत नसे. नळापाशी उभा राहून बघायचा. त्या हिवाळ्यात दिवसाचे बारा-चौदा तास लोडशेडिंग. संध्याकाळी मेणबत्तीपाशी मी मुलांच्या फुटलेल्या टाचांना मोहरीचं तेल लावायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो येऊन बसला आणि न बोलता पाय पुढे केला. टाचेच्या भेगेत माती इतकी बसली होती की कोमट पाण्याने दोनदा धुवावी लागली. मग रोजचंच झालं: आधी टाच, मग चुंगी. संक्रांत तिकडेही असते, माघे संक्रान्ती. तिळाचे लाडू, तूप, उकडलेला तरुल नावाचा कंद. मी घरून तिळगूळ नेला होता. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला, याने अर्धा चघळला आणि अर्धा खिशात ठेवला. कुणासाठी, म्हणून विचारलं. तो म्हणाला, “घरमा आमा हुनुहुन्छ.”

बालगृह चालवणाऱ्या बाईंना सगळी मुलं ‘आमा’च म्हणत, आणि त्या घराला घर. मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हटलं, “जा, देऊन ये.” तो गेला नाही. भिडस्त असेल, असं मला वाटलं.

हुम्ला नेपाळच्या पार वायव्येच्या कोपऱ्यात, तिबेटला लागून. तेव्हा जिल्ह्याच्या मुख्य गावाला, सिमिकोटला, मोटाररस्ता पोचला नव्हता. नेपाळगंजहून छोट्या विमानाने जायचं, नाहीतर दिवसच्या दिवस चालायचं. 1996 च्या फेब्रुवारीत माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं आणि हुम्ल्यासकट कर्णालीच्या डोंगरातल्या गावांत घरटी एक माणूस मागितला जाऊ लागला. याच भीतीत दलाल हिंडू लागले. मुलाला काठमांडूला नेतो, इंग्रजी शाळेत घालतो. आईबाप जमीन गहाण टाकून पैसे देत. दलाल मूल नेऊन बालगृहात सोडी आणि तिथे त्याचा अनाथ होई. त्यासाठी गाविसचा, म्हणजे तिथल्या गावपंचायतीचा, कागद लागे: बाप मेला, आई मेली. शिक्का खरा, मजकूर खोटा. आमच्या पुण्यात 1909 साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने पुढे नावातून ‘अनाथ’ काढला आणि ते पुणे विद्यार्थी गृह झालं. काठमांडूत तोच शब्द मुलांना चिकटवायचा धंदा झाला होता.

2006 च्या नोव्हेंबरात शांतता करार झाला. युद्ध संपलं, तरी मुलं येतच राहिली, कारण आता त्यांना गिऱ्हाईक होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. तेव्हाच्या 75 जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचांत देशातली जवळजवळ 90 टक्के बालगृहं होती. मुलं अनाथ होत होती डोंगरात, पण बालगृहं निघत होती जिथे पर्यटक उतरतात तिथे. आतल्या निदान निम्म्याहून अधिक मुलांचे आईबाप, किंवा त्यांतलं एक तरी, हयात होतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने नेपाळमधून ‘टाकून दिलेल्या’ मुलांची दत्तक प्रकरणं थांबवली, ती कागदांवर भरवसा उरला नाही म्हणूनच. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारने नव्या बालगृहांची नोंदणी बंद केली. 2018 साली ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्धचा कायदा केला, तेव्हा त्या चर्चेत अशा बालगृहांत चालणारी मुलांची तस्करीही आली.

यातलं बरंचसं मी माघारी आल्यावर वाचलं. जायच्या आधी वाचता आलं असतं. तिथे मी काय केलं, तर माझं इंग्रजी बरं म्हणून देणगीदारांना पाठवायची मुलांची माहितीपत्रकं लिहून दिली. एकूण अकरा. हुम्लीचंही. बाप युद्धात गेला, आई आजाराने. बाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले. वळणदार अक्षरात.

निघायच्या दिवशी बाकीची मुलं फाटकापर्यंत आली, हात हलवून खेळायला पळाली. हुम्ली आलाच नाही. पिशवी उघडली तेव्हा कपड्यांच्या घडीत चुंगी होती. 2013 पासून तिथला फोन लागेनासा झाला.

आमच्या सोसायटीचा वॉचमन बाजुऱ्याचा. बाजुरा हुम्ल्याच्या शेजारचा जिल्हा. 25 एप्रिल 2015 च्या संध्याकाळी, भूकंपाची बातमी आल्यावर, तो फाटकाजवळ फोन लावत होता. लाइन सारखी तुटत होती. एकदाची लागली आणि तो ओरडून विचारू लागला, “आमा हुनुहुन्छ? आमा हुनुहुन्छ?”

मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबले. त्याचं बोलणं संपल्यावर विचारलं, आई कशी आहे म्हणून. “हैं मॅडम, घर पे हैं,” तो हसून म्हणाला. मग मी त्याला विचारलं, आई नसेल, गेली असेल, तर काय म्हणतात? त्याचा चेहरा उतरला. असलं विचारायची ती वेळ नव्हती. पण सांगितलं त्याने. “तब हुनुहुन्थ्यो बोलते हैं. थी. हुनुहुन्छ मतलब अभी है.”

वर येऊन मी काठमांडूतली वही काढली. नव्या नेपाळी शब्दांच्या पानावर, संक्रांतीच्या तारखेखाली, मी ते वाक्य उतरवून घेतलं होतं आणि पुढे कंसात अर्थ लिहिला होता: (बाई स्वयंपाकघरात आहेत).