तळटीप: ‘सुई जरा सैल केली’
म्हणजे मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनातल्या कार्ब्युरेटरची सुई. तिने इंधनाचे प्रमाण ठरते. ग्लो इंजिनाला ठिणगी लागत नाही. प्लगमधली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने लाल करतात; पुढे ज्वलनाच्या उष्णतेने आणि मिथेनॉलशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेने ती तापलेलीच राहते. इंधनात मिथेनॉल, एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि बहुधा थोडे नायट्रोमिथेन असते. इंजिनाचे वंगण याच तेलातून होते. त्यामुळे जास्त वेगाच्या मोहात सुई फार आवळली, तर इंधनाबरोबर तेलही कमी पडते आणि चांगले इंजिन हकनाक जाते. म्हणून आधी सर्वाधिक फेरे गाठायचे, मग सुई किंचित सैल करायची. विमानाचे नाक आभाळाकडे धरल्यावरही आवाज पडता कामा नये. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. नवख्यांनी फार जपावे.