नकल काढण्याचं काम कंपनीकडे, मग जबाबदारी कुणाकडे? आपले सरकार सेवा केंद्र आणि डिजिटल सातबारा

समजा, तुम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात, आसगावला धान पिकवता. आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकायचं तर आधी नोंदणी लागते आणि नोंदणीला सातबारा लागतो. पूर्वी त्यासाठी तलाठ्याकडे जाऊन हाताने लिहिलेली नकल आणावी लागायची. आता सेवा केंद्रातला संगणक परिचालक काही मिनिटांत प्रिंट काढून देतो. पण हा परिचालक महसूल खात्याचा माणूस नाही. मग त्याने दिलेला कागद खरा कशावरून? आणि त्यात चूक निघाली तर जायचं कुणाकडे?

केंद्र कोण चालवतं?

ग्रामपंचायतींमध्ये संगणक आणि परिचालक आले ते २०११ च्या 'संग्राम' प्रकल्पातून. ते काम महाऑनलाइन या कंपनीकडे होतं. राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांची ही संयुक्त कंपनी. २०१६ मध्ये त्याजागी 'आपले सरकार सेवा केंद्र' ही योजना आली आणि काम सीएससी ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस इंडिया या कंपनीला दिलं गेलं. त्यासाठी ग्रामपंचायतीने १४व्या वित्त आयोगाच्या निधीतून दर केंद्रामागे महिन्याला १२,३३१ रुपये द्यायचे असं ठरलं. परिचालकाचं मानधन याच रकमेतून. हे मानधन थकलं म्हणून परिचालकांनी राज्यात अनेकदा आंदोलनं केली आहेत. परिचालक संपावर गेला की गावाचं नकल काढणंही थांबतं.

एक कागद, तीन कामं

१. नोंद ठेवणं: सातबाऱ्याची नोंद महसूल खात्याची. ती फक्त ई-फेरफार प्रणालीतूनच बदलते.
२. सही करणं: तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांची डिजिटल सही.
३. प्रिंट काढणं: फक्त एवढंच काम केंद्राकडे. हे तुम्ही घरी बसूनही करू शकता.

म्हणजे बाहेर दिलंय ते तिसरं काम. पहिली दोन सरकारकडेच आहेत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ नुसार सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत देण्याचा अधिकार तो दस्तऐवज ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्यालाच आहे. केंद्रचालकाचा रबरी शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही.

डिजिटल सही कागदावर दिसते का?

खरं सांगायचं तर नाही. डिजिटल सही म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणित करून काढलेला आणि अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केलेला एक आकडा. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हिशोब जुळत नाही आणि छेडछाड पकडली जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ही सही वैध आहे. पण ती पीडीएफ फाइलमध्ये असते. प्रिंट काढली की कागदावर उरतं ते फक्त सहीचं चित्र, आणि चित्र कुणीही चिकटवू शकतो.

म्हणूनच डिजिटल सातबाऱ्यावर क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो. हा क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून मूळ उतारा ताडून बघा. पत्ता स्वतः टाइप केलेला बरा, कारण खोटा क्यूआर कोड खोट्या साइटवरही नेऊ शकतो. महाभूलेखवर फुकट दिसणारा, सही नसलेला उतारा फक्त माहितीसाठी असतो. सही असलेल्या उताऱ्याची ऑनलाइन फी १५ रुपये आहे.

नेहमी होणारा गोंधळ: ८ आणि ८अ

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा. गाव नमुना ८अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावरची सगळी जमीन. पहिला ग्रामपंचायतीचा, दुसरा महसूल खात्याचा. बँकेने नेमका कोणता मागितलाय ते आधी विचारा, नाहीतर हेलपाटा पडतो.

अडलं तर कुणाकडे जायचं?

- नावात लिहिण्यातली चूक असेल: महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. केंद्रचालक नोंद दुरुस्त करू शकत नाही.
- सेवा वेळेत मिळाली नाही: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली, अधिसूचित सेवेसाठी, ३० दिवसांत पहिलं अपील करा. अर्ज केल्यावर क्रमांक असलेली पोच मिळायला हवी. ती जपून ठेवा, अपिलाला लागते. कारण नसताना सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.
- जुन्या कागदाची प्रत हवी असेल: माहितीचा अधिकार वापरा. राज्य सरकारच्या कार्यालयात अर्जाचे १० रुपये आणि साध्या प्रतीला पानामागे २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला अर्जाची फी नाही.

दुसऱ्या मुद्द्यातला दंड अधिकाऱ्याला आहे, कंपनीला किंवा परिचालकाला नाही, हे लक्षात घ्या. 'कंपनीचा सर्व्हर बंद आहे' हे उत्तर खिडकीवर खरंही असेल. पण कायद्याने तुम्हाला सेवा द्यायची आहे ती अधिकाऱ्याने. तेव्हा परिचालकाशी भांडण्यात वेळ घालवू नका. पोच घ्या आणि अपील योग्य माणसाकडे करा.