रिबन स्पीकर आणि सबवूफर : घरच्या खोलीत जोड कशी जमवावी

रिबन किंवा पॅनेल जातीचे स्पीकर घेतलेल्या सभासदांकडून एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. गळा अगदी समोर बसल्यासारखा ऐकू येतो, तंबोऱ्याची जवारी सुटी कळते, पण डग्गा पोकळ लागतो. सबवूफर जोडावा का, आणि कोणता? दुकानदाराचे उत्तर बहुधा ‘मोठा घ्या’ असे असते. आमचे उत्तर वेगळे आहे. आपण जे संगीत ऐकतो त्यासाठी फार खोल जाणारा सबवूफर लागत नाही. लागतो तो नीट जुळवलेला, आणि खर्चापेक्षा जास्त वेळ त्या जुळवणीला द्यावा लागतो.

प्रथम रिबन म्हणजे काय ते पाहू. खऱ्या रिबन स्पीकरमध्ये चुंबकांच्या मध्ये अॅल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी असते. वीज त्या पट्टीतूनच वाहते आणि पट्टी स्वतःच हलून आवाज करते. बाजारात रिबन म्हणून ओळखले जाणारे बरेच स्पीकर मात्र प्लेनर-मॅग्नेटिक असतात, म्हणजे प्लॅस्टिकच्या ताणलेल्या पडद्यावर तार किंवा वर्ख चिकटवलेला. जिम वायनी यांनी १९६९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुरू केलेल्या मॅग्नेपॅन कंपनीचे पॅनेल मुख्यतः या जातीचे; त्यांच्या वरच्या मॉडेलांत खरा रिबन फक्त उंच स्वरांसाठी असतो. १९८० च्या दशकात अपोजी कंपनीने खालपासून वरपर्यंत रिबनचे स्पीकर काढले. त्यांच्या सिंटिला या मॉडेलचा रोध १ ओहमपर्यंत खाली आणता येत असे, आणि त्यापुढे भल्याभल्या अॅम्प्लिफायरांनी मान टाकली! आजचे पॅनेल बहुतेक ४ ओहमचे असतात. तरीही ते करंट भरपूर मागतात, म्हणून हलक्या अॅम्प्लिफायरवर ते लावून मग बास कमी म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

या स्पीकरना पेटी नसते. आवाज पुढे जातो तितकाच मागेही जातो, पण उलट्या फेजमध्ये. उंच स्वरांत हे चालते, किंबहुना त्या मोकळेपणाचे कारणच ते आहे. खाली मात्र गणित बदलते. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर, आणि लहान पॅनेलची रुंदी जेमतेम सव्वा फूट. मागची लहर कडेवरून वळून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते. म्हणून लहान पॅनेल ५० हर्ट्झच्या आसपास, आणि त्याहून मोठे ४० च्या आसपास थकतात. हा बिघाड नाही, रचनेचाच भाग आहे.

आपल्या संगीतात किती खाली जावे लागते?

पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ. मंद्र पंचम १०४ वर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ वर. गायिकेचा षड्ज काळी चार असेल तर तिच्या तंबोऱ्याचा खर्जसुद्धा १०४ च्या खाली जात नाही. डग्ग्याचा मूळ नाद शंभरच्या खालीवर घसरत असतो. म्हणजे आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची ध्वनिमुद्रिका ऐकताना २० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या यंत्राला जवळजवळ काहीच काम नसते. ५० ते १०० हा पट्टा मात्र भरदार आणि स्वच्छ हवा. गंमत अशी की पॅनेल आणि सबवूफर यांचा सांधा नेमका याच पट्ट्यात पडतो. सांधा बिघडला तर बिघाड सरळ डग्ग्यावर आणि खर्जावर उतरतो.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळातील ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकायच्या असतील तर सबवूफर बंदच ठेवावा. त्यांत खाली संगीत फारसे नाही, घरघर मात्र भरपूर असते. लाँग प्लेच्या तबकड्यांनाही २० हर्ट्झखालचा फिल्टर लावावा, नाहीतर वाकडी तबकडी सबवूफरचा पडदा उगाच आत-बाहेर नाचवते. चित्रपट, चर्चमधला ऑर्गन किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्या मुलांचे घर असेल तर हिशेब निराळा. तिथे ३० हर्ट्झपर्यंत जाणारा घ्यावा.

कोणता घ्यावा

आम्ही बंद पेटीचा, १० किंवा १२ इंची सुचवतो. भोक असलेली पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त आवाज देते, पण तिचा आवाज खाली एकदम तुटतो आणि स्वर थांबल्यावर तिचा नाद थोडा उशिरा विरतो. पॅनेलच्या शेजारी ते कानाला लागते. ‘मोठा पडदा मंद, छोटा चपळ’ हे मात्र आम्हाला पटत नाही. ६० हर्ट्झचा स्वर कोणत्याही पडद्याला तितक्याच वेळा हलवतो. आपण ज्याला मंदपणा म्हणतो तो बहुतेक वेळा खोलीचा असतो.

खोली

परदेशी पुस्तिकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथली घरे बरीचशी लाकडी चौकट आणि पातळ जिप्सम पत्र्याची असतात आणि बास भिंतीतून बाहेर निघून जातो. आपल्या विटांच्या प्लॅस्टर केलेल्या भिंती आणि फरशी त्याला आतच कोंडून ठेवतात. १५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच खोली घेतली तर लांबीत सुमारे ३८, रुंदीत ४७ आणि उंचीत ५६ हर्ट्झवर नाद साठतो. पॅनेलचा आवाज कडांकडे अगदी कमी जातो, त्यामुळे ते रुंदीतला नाद फारसा चेतवत नाहीत. सबवूफर चहूकडे ढकलतो आणि सगळेच चेतवतो. म्हणूनच एकाच गाण्यात वरचा भाग मोकळा आणि खालचा भाग कोंदट असे दोन खोल्यांतले आवाज ऐकू येतात. पडदे-गालिचे यावर उपयोगी नाहीत, ते उंच स्वरच शोषतात. पुस्तकांनी भरलेले कपाट आणि कापसाची जाड गादी थोडी मदत करते.

खरा उपाय दोन सबवूफर. एका १५ इंचीपेक्षा दोन लहान बरे. हारमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ साली मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यभागी ठेवलेले दोन सबवूफर खोलीभर बरेच समान बास देतात असे दिसले. आपल्याकडे मागच्या भिंतीच्या मध्यावर दिवाण किंवा दार असते. तसे असेल तर एकेका पॅनेलजवळ एकेक ठेवून सुरुवात करावी. एकच असेल तर जुनी युक्ती आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, डग्गा स्पष्ट असलेले ध्वनिमुद्रण लावावे आणि स्वतः भिंतीकडेने रांगत ऐकावे. घरचे हसतील, हसू द्यावे. जिथे ठेके सारख्या वजनाचे लागतील ती जागा सबवूफरची.

जुळवणी

लहान पॅनेलसाठी क्रॉसओव्हर ७० ते ८० हर्ट्झ, मोठ्यांसाठी ४५ ते ५५. ८० च्या वर गेल्यास बास कोपऱ्यातून येतो हे कळू लागते. लहान पॅनेलना खालचे स्वर फिल्टरने बंद करता आले तर जरूर करावे. त्यांचा पडदा मोकळा होतो आणि मधला भागही सुधारतो. मोठ्यांना पूर्ण चालू द्यावे.

फेजसाठी क्रॉसओव्हर ज्या हर्ट्झवर असेल तोच सलग स्वर वाजवून आवाज सर्वात क्षीण होईल अशी खुंटी शोधावी आणि मग १८० चे बटण उलटवावे. सर्वात मोठा बिंदू शोधण्यापेक्षा सर्वात क्षीण शोधणे कानाला सोपे जाते. पातळी मात्र आपल्या खुर्चीत बसूनच ठरवावी. उंच पॅनेलचा आवाज अंतराबरोबर हळू घटतो, सबवूफरचा लवकर, म्हणून सबवूफरपाशी उभे राहून लावलेली पातळी खुर्चीत कमीच पडते. गाणे चालू असताना सबवूफर बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी, इतकाच तो असावा. मोजमाप हवे असेल तर लॅपटॉप, मोजणीचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. मात्र दिसणारे खड्डे इक्वलायझरने भरू नयेत, उंचवटे तेवढे कापावेत.

सबवूफर जोडताच ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर ती बहुधा अर्थिंगच्या वळशाची असते. सगळी यंत्रे एकाच बोर्डवर घ्यावीत. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो धोक्याचा आहे, ऐकू नये. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सबवूफरखाली जाड रबर द्यावे. थरथर स्लॅबमध्ये थोडी कमी उतरते. हवेतला बास मात्र रबराने अडत नाही, म्हणून रात्री दहानंतर सबवूफरचे बटण बंद. पॅनेल एकटेही सुरेख वाजतात.