संशोधन नौका, भारतातील

महासागराचे पाणी, तळ, त्यातील जीवसृष्टी व त्यावरील वातावरण यांचे निरीक्षण करण्यासाठी खास बांधलेल्या अथवा त्या कामासाठी बदल करून घेतलेल्या जहाजास संशोधन नौका म्हणतात. तिच्यावर प्रयोगशाळा, खोल पाण्यात उपकरणे सोडणाऱ्या याऱ्या, दोर गुंडाळणारे रहाट व प्रतिध्वनीच्या साहाय्याने खोली मोजणारी यंत्रे असतात. अशी नौका सामान्यतः सु. तीस वर्षे उपयोगी पडते. आराखडा, निविदा, बांधणी व चाचण्या यांत कित्येक वर्षे जात असल्याने जुनी नौका चालू असतानाच नवीची आर्थिक तरतूद करावी लागते. भारतात मात्र ही तरतूद बहुधा प्रसंगपरत्वे होत गेली.

इतिहास : मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ (१८८१) या सागरी सर्वेक्षण जहाजावर एक वैद्यकीय अधिकारी निसर्गवैज्ञानिक म्हणून नेमला जाई. हिंदी महासागरातील खोल पाण्यातील प्राण्यांचे मोठे संग्रह त्यामुळे झाले; पण जहाजाचे मुख्य काम नकाशे तयार करण्याचे होते. स्वातंत्र्योत्तर काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत (१९५९–६५) सु. ४० नौकांनी भाग घेतला. त्यावेळी भारताकडे खोल समुद्रात जाणारी स्वतंत्र संशोधन नौका नसल्याने नौदलाचे ‘किस्तना’ हे जहाज वापरण्यात आले. मोहिमेतून निर्माण झालेले कार्य पुढे चालू ठेवण्यासाठी १ जानेवारी १९६६ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने राष्ट्रीय महासागरविज्ञान संस्था स्थापन केली. ती पुढे गोव्यात दोना पावला येथे स्थिरावली. संस्थेला स्वतःची मोठी नौका मिळण्यास मात्र दहा वर्षे लागली. कलकत्त्याच्या गार्डन रीच कारखान्यात गाळ वाहून नेणाऱ्या बार्जमध्ये बदल करून ‘गवेषणी’ ही नौका सिद्ध करण्यात आली व १९७६ मध्ये ती सेवेत दाखल झाली. २६ जानेवारी १९८१ रोजी याच नौकेवरून भारतीय शास्त्रज्ञांनी समुद्रतळावरील मँगॅनीजयुक्त गोटे प्रथम वर काढले.

जुलै १९८१ मध्ये महासागर विकास विभाग स्थापन झाला. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली, ती भाड्याने घेतलेल्या ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेजियन जहाजातून. गोट्यांच्या पाहणीसाठीही परदेशी जहाजे भाड्याने घ्यावी लागली. त्यानंतर विभागाने पश्चिम जर्मनीत बांधलेली ‘सागर कन्या’ (१९८३) आणि मत्स्यसंशोधनासाठी डेन्मार्कमध्ये बांधलेली ‘सागर संपदा’ (१९८४) या नौका मिळविल्या. भारताला १९८७ मध्ये हिंदी महासागराच्या तळाचे दीड लाख चौ. किमी. क्षेत्र पाहणीसाठी नेमून देण्यात आले. या हक्काबरोबर पाहणी चालू ठेवण्याचे बंधनही आले.

आर्थिक बाजू : बांधणीचा खर्च एकदाच येतो, इंधन, खलाशांचे वेतन, विमा, सुटे भाग व सुक्या गोदीतील दुरुस्ती यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो. नौका बंदरात उभी राहिली तरी त्यातील बराचसा टळत नाही. अनुदान अपुरे पडले, तर समुद्रावरील दिवस कमी होतात व निरीक्षणांच्या मालिका खंडित होतात. अमेरिकेत नौका बहुधा शासकीय पैशाने बांधल्या जात असल्या, तरी त्या विद्यापीठे व संशोधन संस्था चालवितात. त्यांचे वेळापत्रक व नूतनीकरण यांचा विचार १९७० नंतरच्या दशकारंभी स्थापन झालेली एक सामाईक संघटना करते. भारतात नौकांची मालकी परिषद व विभाग (२००६ पासून पृथ्वी विज्ञान मंत्रालय) यांत विभागलेली राहिली. ‘गवेषणी’ निवृत्त झाल्यावर गोव्याच्या संस्थेला खोल समुद्रातील कामासाठी बराच काळ मुख्यतः इतरांच्या नौकांवर अवलंबून राहावे लागले. ‘सिंधु साधना’ ही ८० मी. लांबीची नौका तिला २०१४ मध्ये मिळाली. दरम्यान चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रविज्ञान संस्थेसाठी इटलीत बांधलेली ‘सागर निधि’ (२००८) दाखल झाली होती.

नूतनीकरण व महत्त्व : १९८३ व १९८४ या लागोपाठच्या वर्षांत घेतलेल्या दोन्ही नौका एकाच वेळी वृद्ध झाल्या. जून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल महासागर मोहिमेत (४,०७७ कोटी रु.) भारतीय कारखान्यात नवी नौका बांधण्याचे ठरले. १६ जुलै २०२४ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने अशा नौकेसाठी गार्डन रीच कारखान्याशी सु. ८४० कोटी रुपयांचा करार केला. ‘सागर कन्या’च्या बांधणीला तोवर चार दशके उलटून गेली होती.

हा प्रश्न केवळ किनाऱ्याचा नाही. समुद्रापासून दूर असलेल्या भंडारा जिल्ह्यातील भातशेती बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांच्या पावसावर बरीच अवलंबून असते. ‘सागर कन्या’ने जुलै–ऑगस्ट १९९९ मध्ये त्याच उपसागरावर मॉन्सूनची निरीक्षणे घेतली. याच जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. समुद्रतळावरील गोट्यांत मँगॅनीजखेरीज निकेल, तांबे व कोबाल्टही असल्याने त्यांना विशेष मोल आहे. खाणीत उतरण्यास वाट असते. समुद्रतळाशी पोहोचण्यास नौकेवाचून साधन नाही. म्हणूनच प्रत्येक नौकेच्या निवृत्तीचे वर्ष तिच्या बांधणीच्या वेळीच हिशेबात धरून पुढील नौकेसाठी नियमित तरतूद करणे आवश्यक ठरते.