तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय : जतन झाले, पण वाचायचे कोणी?

कुंभकोणमजवळचे तिरुभुवनम् तुम्ही ऐकले असेल ते रेशमी साड्यांमुळे. तिथून सुमारे ४५ किलोमीटरवर तंजावर आहे. तिथल्या राजवाड्यातले सरस्वती महाल ग्रंथालय हा आजच्या टिपणाचा विषय.

नायक राजांनी सुरू केलेला हा संग्रह पुढे भोसल्यांकडे आला. तो खरा वाढवला दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८-१८३२). काशीयात्रेतही त्यांनी पोथ्या मिळवल्या, युरोपीय भाषांतली छापील पुस्तके जमवली. तरी संग्रह राजाचाच होता. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि राज्य खालसा झाले. अशा वेळी ग्रंथालये सहसा विखुरतात. हे टिकले, आणि १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पुढे लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा घराण्यांचे खासगी संग्रहही त्यात आले.

पोथी टिकवायची कशी, ते पाहा. ताडपत्र वाळले की कडकडीत होते आणि वाकवताच तुटते. म्हणून त्यावर गवती चहाचे किंवा तसलेच सुगंधी तेल हलक्या हाताने चोळतात. पान लवचिक होते, कीडही लांब राहते. कोरलेली अक्षरे पुसट झाली असतील तर काजळी भरून पुन्हा उठावदार करतात. मग दोन फळ्यांमध्ये घट्ट बांधून कापडात गुंडाळतात. शेजारी वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, कापूर यांची पुरचुंडी ठेवतात. आपल्या आजीच्या कपाटातही वेखंड असायचेच! कागदाला मात्र तेल चालत नाही. तिथे पातळ कागद आणि खळ वापरून फाटलेला भाग सांधावा लागतो.

दुसरे जतन यादीचे. यादीत नसलेली पोथी वाचकासाठी नसल्यातच जमा. तंजावरचे न्यायाधीश आर्थर बर्नेल यांनी इथल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची केली, ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. ही सूची फक्त संस्कृतची होती, हे लक्षात ठेवा. मराठी पोथ्या आणि दरबारी मोडी कागदांची गाठोडी तिच्यात नव्हती.

या मोडी कागदांत राज्यकारभार आहे, हिशेब आहेत. तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने त्यांच्या तमिळ अनुवादाचे खंड काढले. म्हणजे मराठी दरबाराचे कागद आज तमिळ वाचकाला अधिक जवळचे आहेत. मला याचे कौतुक वाटते आणि थोडी लाजही.

मोडी अवघड वाटते, कारण आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत. पण भाषा आपलीच असल्याने पुढचा शब्द अंदाजाने कळतो. एखाद्या पानाचे छायाचित्र घ्या आणि आधी फक्त ‘श्री’ आणि तारीख शोधा. बाकीचे पान तिथूनच सुटू लागते.